पाहुण्यांसाठी शिजलेला भात

आमच्याकडे माणसाची पारख भातावरून व्हायची. सोयरीक जुळवायची तर आधी त्या घरी जेवून यायचं, मग मुलगा बघायचा. भात मोकळा, मऊ आणि वासाचा निघाला की मुलगा थोडा इकडचा तिकडचा असला तरी चालून जाई. माझं लग्न असंच ठरलं. माझ्या वडिलांनी या घरचा भात खाल्ला आणि हात धुता धुता होकार दिला. नवऱ्याकडे त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नसावं. पाहिलं असतं तर हा माणूस कुणाच्याही पुढे मान वर करत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असतं.

आता म्हातारपणी या भाताच्या पारखीची मला किळस येते. तेव्हा येत नव्हती. ती कशी यायला लागली, ते सांगते.

माझं सासर नागऱ्याच्या पलीकडे, गोंदियापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पूर्वज कधीकाळी माळव्यातून आलेले, त्याचा अभिमान घरातल्या भिंतींनासुद्धा होता. त्या वर्षांत आमचा मुलूख मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करायची पिढीजात सत्ता, नुकतीच गेली होती, पण आमच्या घरातले मालगुजार गेले नव्हते. ते म्हणजे माझे थोरले दीर, जेठजी. बायको वारलेली, स्वतःचं मूलबाळ नाही, त्यामुळे आमचं लेकरू कुठे जाणार, काय शिकणार, कुणाच्या घरी पडणार, हे सगळं तेच ठरवत. माझा नवरा त्यांच्यासमोर खाटेवर बसतसुद्धा नसे.

धाकट्या भावाच्या बायकोने जेठाशी बोलायचं नाही, ही आमच्यातली रीत. समोर आले तर पदर नाकाच्या खाली ओढायचा, ओसरीत बसले असतील तर परसातून वळसा घालून जायचं. काही सांगणं अगदी भागच असेल तर मध्ये एखादं लेकरू उभं करायचं आणि त्याला सांगायचं. माझ्या घरात ते लेकरू म्हणजे माझी मुलगी. "सांग वो तुया मोठ्या बाबूजीले, पाट मांडला," असं मी म्हणायची. जेठजी तीन हातांवर बसलेले असत. माझा शब्द न् शब्द त्यांच्या कानात गेलेला असे. तरी पोरगी तोंड उघडेपर्यंत ते दगडासारखे बसून राहत आणि ती बोलली की मगच उठत. लग्नापासून मी त्या माणसासाठी रांधत होते, आणि एक अक्षर थेट बोलले नव्हते.

गावची शाळा चौथीपर्यंत. मुलगी हुशार होती, हे मी आई म्हणून सांगत नाही, मास्तर घरी येऊन सांगून गेले होते. पण चौथीनंतर काय? जेठजींनी तिरोड्याकडच्या एका घरचा भात आधीच खाऊन ठेवला होता. म्हणजे शाळा संपली की वर्षा-दोन वर्षांत लग्न. अकरा वर्षांची पोर. मला रात्रंदिवस तेच दिसायचं, की ती कुणाच्या तरी ओसरीच्या आड पदर ओढून उभी आहे आणि दुसऱ्या कुठल्या तरी लेकराला सांगते आहे, सांग म्हणून.

आमचं नशीब असं की त्याच सुमारास शेजारच्या गावच्या एका बड्या घरची मुलगी बोर्डिंगात गेली. झालं, जेठजींना ते लागलं. आता चांगल्या घरची मुलं सातवी शिकलेली बायको मागायला लागली होती, हेही त्यांच्या कानावर आलं. "पाठवू आपन बी," ते एके दिवशी म्हणाले. "पन बोर्डिंग मी पायीन. जेवून पायीन."

बोर्डिंग दोन होती. एक गोंदियात, आमच्याच समाजाचं. दुसरं कोहमाऱ्याच्या अलीकडे, वर्ध्याकडून आलेल्या एका खादीवाल्या बाईंनी मातीच्या घरात चालवलेलं. जेठजींच्या लेखी पहिलंच खरं होतं. दुसऱ्याचं नाव मास्तरांनी काढलं, म्हणून निघालं.

माघात आम्ही गोंदियाला गेलो. जेठजी, नवरा, मी आणि मुलगी. मी यासाठी, की मुलींच्या राहण्याच्या जागेत पुरुषांना जाता येत नाही. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून घरच्या चिन्नोर तांदळाचं एक पोतं गाडीत टाकलं. नदीकडच्या बांधीतला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतातला, तो तांदूळ मी स्वतः पाखडला होता, खडे वेचले होते. डब्याचं झाकण उघडलं की माजघरभर वास सुटायचा. जेठजींची ख्याती अशी, की शिजलेला भात नाकाजवळ नेला की तो कुठल्या बांधीतला ते सांगत. लोक त्यांची परीक्षा घ्यायला येत आणि हरून जात.

बोर्डिंगाच्या दारात सेक्रेटरी उभे होते. पांढरं धोतर, काळा कोट, तोंडात पान. "आइए आइए पटेल साहब, आपका ही घर है," म्हणत त्यांनी जेठजींना गादीवर नेऊन बसवलं. पोतं मागच्या दाराने आत गेलं. मला आणि मुलीला मागे पाठवलं.

आता जे लिहिते ते जेवणाआधी वाचू नका. मुलींच्या खोल्यांच्या मागे टोपल्यांचे संडास होते, आणि ते कित्येक दिवसांत कुणी काढले नसावेत. पांढऱ्या अळ्या टोपलीतून बाहेर पडून भिंतीवर चढत होत्या. तिथून दहा पावलांवर पिण्याच्या पाण्याचा रांजण. रांजणावर झाकण नाही, आणि एकच पेला, त्याची कड काळी पडलेली. एका मुलीने रांजणात सबंध हात बुडवून पाणी घेतलं. हाताला खरूज होती, बोटांच्या बेचक्यांत पिवळे फोड. माझ्या मुलीला तहान लागली होती. तिने रांजणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तहान गिळली.

मुलींवर देखरेख ठेवायला सेक्रेटरींच्याच नात्यातल्या एक बाई होत्या. खाटेवर पाय लांब करून बसलेल्या, आणि एक मुलगी त्यांच्या पोटऱ्या दाबत होती. आम्हाला पाहूनही त्यांनी पाय आखडले नाहीत. "सवय होते बाई," त्या म्हणाल्या, मी काही विचारलं नसताना. "आधी रडतेत, मंग खातेत." आणि पानाची पिंक त्यांनी खाटेखाली ठेवलेल्या लोट्यात टाकली. तो लोटा पाण्याचा होता की पिंकेचा, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मुली जेवायला बसल्या होत्या. पानात कणकी, म्हणजे गिरणीत भात भरडताना तुटून पडतो तो चुरा. आम्ही तो कोंबड्यांना टाकायचो. त्यात टोके किडे होते, आणि शिजून फुगलेल्या अळ्याही होत्या. मुली त्या बोटाने बाजूला सारत होत्या आणि जेवत होत्या. कुणी तोंड वाकडं करत नव्हतं. मला सगळ्यात जास्त तेच सहन झालं नाही. ती सवय झालेली बोटं.

आणि तेवढ्यात वास आला. स्वयंपाकघराच्या दाराशी मुलींची गर्दी झाली होती. चुलीवर एक लहान पातेलं होतं, त्यात पाहुण्यांचा भात. मी दारातूनच ओळखलं. माझा तांदूळ होता. माझ्या हाताने पाखडलेला, सकाळी माझ्याच गाडीतून आलेला. एक चिमुरडी माझ्या पदराला धरून म्हणाली, "काकी, असा भात आमाले बी भेटन का आज?" पातेलं माझ्या डोळ्यांदेखत पुढच्या ओसरीत गेलं.

बाहेरून जेठजींचा आवाज आला. "वा! याले म्हनतेत भात! जिथं पोरीयले असा भात भेटते तिथं अजून काय पायाचं?" सेक्रेटरी काहीतरी नम्रपणे बोलले. मग पुन्हा जेठजी: "कोन्या गावचा हाये हा? आमच्याइकडं असा वास येत नाई." उभ्या जिल्ह्याला वासावरून बांधी सांगणारा माणूस स्वतःचा भात ओळखू शकला नाही! गादीवर बसवून कुणी पटेल साहब म्हटलं की नाकसुद्धा बंद होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. मला हसू यायला हवं होतं. मला ओकारी आली, आणि मी मागच्या भिंतीशी जाऊन खरोखरच ओकले.

परतताना जेठजी पुढे गाडीवानाशेजारी बसले होते. मी हळू आवाजात नवऱ्याला सगळं सांगितलं. संडास, रांजण, अळ्या, भात. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चूप राय. दादाले असं कोन सांगन? त्याइले बोर्डिंगच्या कमिटीत घेऊन राहिले सेक्रेटरी." म्हणजे गोष्ट तिथवर गेली होती. माझी पोर अळ्यांत जेवणार आणि जेठजी कमिटीत बसणार. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बैलांच्या शेपट्यांकडे पाहत होता. मला त्या घडीला दोघा भावांपैकी कोणाची जास्त शिसारी आली, हे सांगता येणार नाही. बहुतेक धाकट्याची. थोरल्याला निदान माहीत नव्हतं.

दुसरं बोर्डिंग पाहायचा योग फाल्गुनात आला. माझं माहेर कोहमाऱ्याच्या बाजूला. तिकडच्या एका लग्नाला आम्ही मोटरने निघालो होतो, आणि मुलीने आपल्या बापाला अशी काही गळ घातली की त्याने, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, भावाजवळ तोंड उघडलं. जेठजी म्हणाले, "पाऊन घेऊ, मंग कटकट नको."

त्या खादीवाल्या बाई मला आवडल्या असं नाही. कोरड्या होत्या. आम्ही अजून पायाची धूळ झटकत होतो तोच त्यांनी स्वच्छतेवर बोलायला सुरुवात केली. "इथे मुलींना रडायला वेळ नसतो," असं त्या मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, आणि मला वाटलं, बाई, अकरा वर्षांच्या पोरीला रडायला वेळ नसणं ही काय मिरवायची गोष्ट आहे? आम्ही नेलेला तांदूळ त्यांनी सरळ कोठीत ओतायला लावला. पाहुण्यांसाठी वेगळं काही शिजलं नाही. अंगण झाडलेलं होतं, रांजणावर झाकण होतं, त्याला लांब दांड्याचं ओगराळं होतं. जेवणात लाल जाडा भात आणि हिरव्या पाल्याचं फतफतं. पंगत एकच. गोंडांच्या पोरी, गावकुसाबाहेरच्या पोरी, ढिवरांच्या, तेल्यांच्या, सगळ्या मांडीला मांडी लावून.

जेठजींनी पंगतीकडे नजर टाकली आणि त्यांना एकदम उपास आठवला. "आज माह्यी एकादशी हाये," ते म्हणाले. सकाळी मोटर अड्ड्यावर त्यांनी पोहे खाल्ले होते. माझ्या नवऱ्याचीही तत्काळ एकादशी झाली. मुलगी मात्र माझ्या हातातून बोट सोडवून पंगतीत जाऊन बसली. तिने माझी परवानगी विचारली नाही. जाडा भात तिने चाटूनपुसून खाल्ला.

मग ती बादलीची गोष्ट झाली. संडास म्हणजे चर खणलेले, तट्ट्यांनी आडोसा केलेला, वापरून झालं की वर माती लोटायची. साफसफाईची पाळी मुलींचीच. माझ्या मुलीएवढी एक मुलगी आजारी मुलींच्या मैल्याची बादली तिकडे ओतायला घेऊन नेमकी जेठजींच्या समोरून गेली. मलाही किळस आली, खोटं कशाला सांगू? आमच्या घरात ज्या कामाचं नावसुद्धा जेवताना काढत नसत, ते ही पोर हातात धरून चालली होती, आणि गुणगुणत होती.

जेठजी थुंकले. बाजूला वळून नाही, आडोशाला जाऊन नाही. झाडून लखलखीत केलेल्या अंगणात, त्या मुलीच्या पायांपासून हातभर अंतरावर, तंबाखूची लाल जाड थुंकी. "थू! कोनाकोनाचं गू काढायले पाठवाच्या का आमच्या पोरी?" मुलगी थांबली. तिने बादली खाली ठेवली, ओंजळभर माती आणून त्या थुंकीवर टाकली, खराट्याने लोटली, पुन्हा बादली उचलली आणि गेली. ती माझ्या दिराची घाण उचलून गेली, आणि घाण करणारा नाकाला उपरणं लावून उभा होता. माझी किळस तिथेच थांबली. म्हणजे थांबली नाही, दुसऱ्याकडे वळली.

चैत्रात मुलीची परीक्षा झाली आणि गोंदियाचे सेक्रेटरी आमच्या घरी आले. पक्कं करायला, आणि मुलींच्या नव्या खोल्यांसाठी जेठजींकडून धान मागायला. ओसरीत तीन पाट मांडले. मी कवाडाच्या आड उभी राहून वाढपाची भांडी मुलीच्या हाती देत होते. ती वाढत होती. भात चिन्नोरचाच, त्याच पोत्याच्या सोबतचा.

पहिला घास घेऊन जेठजी म्हणाले, "सेक्रेटरी साहेब, तुमच्या बोर्डिंगचा भात अजून तोंडात हाये. आमच्या घरी तसा नाई होत."

सेक्रेटरींनी डोळे मिटून मान हलवली. "पटेल साहब, बच्चियों के मामले में हम कोई कमी नहीं करते."

बच्चियां! मला ती पदराला धरणारी चिमुरडी आठवली. फुगलेल्या अळ्या आठवल्या. नवरा खाली मान घालून कालवत होता. त्याला सगळं ठाऊक होतं आणि तो घास गिळत होता. "जुलैले घेऊन येतो पोरगीले," जेठजी म्हणाले, आणि वरण वाढणाऱ्या माझ्या मुलीने एकदम मान वर केली. थोडं वरण पाटावर सांडलं.

मी सवयीने तिला हाक मारली. "सांग," माझ्या तोंडात आलं. पण काय सांगायला लावू तिला? अकरा वर्षांच्या पोरीने म्हणायचं, तुम्ही खोटे आहात आणि तुम्ही मूर्ख आहात? तिने तोंड उघडलं असतं तर थोबाडीत तिलाच बसली असती.

मी कवाड ढकललं आणि उंबऱ्यात आले. पदर खाली होता, पण आवाज माझा होता.

"जेठजी, थो भात आपलाच होता. नदीकडच्या बांधीतला. मीच पाखडून पोत्यात भरला होता. तुमच्या एकट्यासाठी शिजवला त्याइनं. पोरीयले थे कनकी देतेत, अळ्यासंग. मी डोऱ्यानं पायलं."

सेक्रेटरींचा घास हातातच राहिला. जेठजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पानातला भात चिमटीत घेतला आणि नाकाजवळ नेला. बराच वेळ तसाच धरला. मग त्यांचा चेहरा उतरला, कारण नाक शेवटी खरं बोललं. त्यांनी भात पानात टाकून दिला.

रागवायचं होतं सेक्रेटरीवर. पण तो पाहुणा, कोटवाला. रागावले ते माझ्या नवऱ्यावर, म्हणजे माझ्यावर. "तुया बायकोले तोंड फुटलं का गा? पाहुन्यासमोर माह्यं नाक कापते! नाई पाठवत गोंदियाले, जा! थ्या बादलीवालीकडं पाठव! गू काढन तवा समजन! नाई तं वैशाखात उरकून टाकतो तिचं."

त्यांना वाटलं, हे ऐकून मी आत पळेन. गू काढणं आणि लग्न, या दोहोंत कुठली आई पहिलं निवडेल?

"हो जी," मी म्हणाले. "बादलीवालीकडंच पाठवू."

माणसाला आपल्याच तोंडचा शब्द गिळणं पाहुण्यासमोर फार कठीण जातं. जेठजी ताटावरून उठले, हात न धुता. त्या दिवसापासून ते माझ्या हातचं जेवले नाहीत. समोरच्या चुलतभावाच्या घरून त्यांचं ताट यायचं. लोकांना वाटायचं मला त्याचं दुःख असेल. मला फक्त एका माणसाचा स्वयंपाक कमी झाला.

जुलैत मी आणि नवरा तिला पोचवून आलो. रडली नाही. मीच मोटरमध्ये डोळे पुसत आले.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली. उंच झाली होती, आणि बोलणं सावकाश, पुस्तकासारखं झालं होतं. ती अंगणात उभी राहून सगळीकडे पाहत होती. ओसरीच्या खांबाशी पडलेल्या पिंका, नालीवर बसवलेली शेजारची पोरं, खरकट्या भांड्यांवरच्या माश्या. तिच्या नाकपुड्या थोड्या आत ओढल्या गेल्या, आणि मी ते पाहिलं. तिच्यासाठी मी चिन्नोर रांधला होता. मी नुकतीच सारवण आटोपून आले होते. हात नुसते पाण्याखाली धरले होते, शेणाचा हात आमच्यात कधी घाण मानलाच नव्हता. मी भाताची मूठ तिच्या पानाकडे नेली.

तिने पान मागे ओढलं.

"माय," ती हळूच म्हणाली, "हात धुतले का तू?"

असं वाटलं की कुणी तोंडात मारली. सगळ्या गावाशी, सगळ्या घराशी भांडून जी पोर मी तिथे पाठवली, तिला आता माझ्या हाताची किळस येत होती. मला तिचा इतका राग आला, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला, की दोन्ही कुठे ठेवावेत ते कळेना. मी तो भात बाजूला ठेवला, परसात गेले, राखेने कोपरापर्यंत हात घासले, आणि परत येऊन तिला वाढलं.